सात नंबरचा कॅमेरा

बाबा इथे कागद करायचे.
आता त्याच दालनात, त्याच लोखंडी तुळयांखाली
मी रात्रपाळीला असते
आणि दोन्ही बाजूंना कपाटांच्या रांगा घुमत असतात.
त्यांच्यात कोणाचं काय साठवलंय, मला ठाऊक नाही.
ठाऊक नसणं हे माझ्या करारातलं चौथं कलम.

मला दिसतात ते आकडे.
यंत्रांना शंभर युनिट वीज लागली
तर त्यांना गार ठेवायला वर अठरा. यंदा अकरा.
डब्लिनहून साहेब म्हणतात, नऊ करा.
करू. पंखे हळू फिरवू, एकेक भोक बुजवू,
थंडीआधी बाबा खिडकीच्या फटीत
जुनी वर्तमानपत्रं कोंबायचे, तसं.

उरलेली ऊब नळांतून गावात जाते,
शाळेत, पोहण्याच्या तलावात, एकशे बारा घरांत.
म्हातारी हिल्या फोन करते,
"तुइरे, रेडिएटर कोमट लागतोय. जग झोपलं की काय?"
कधी कधी खरंच झोपलेलं असतं.

जानेवारीतली ती रात्र. बाहेर उणे एकतीस.
तळ्याचं पाणी धड गोठेना, धड वाहेना,
नुसता बर्फाचा भुगा
जाळीला पिठासारखा चिकटत गेला.
दाब उतरला. चौथी रांग अडतीस अंशांवर,
मग एकोणचाळीस.
खिडकी उघड, म्हणेल कोणी.
खिडक्या आम्हीच विटांनी बुजवल्या, सुरक्षेसाठी.

फाटकावर ओइवा.
चाळीस वर्षं इथला फिटर, आता ऐंशीचा.
घरचा रेडिएटर गार पडला तेव्हाच त्याला कळलं
आणि ढकलगाडी घेऊन तो अंधारात निघाला.
"खोल पाण्याची जुनी वाट आहे, पोरी. झडप जमिनीखाली.
दार उघड."

आमच्याकडे एकामागे एक दोन दारं.
मधल्या पिंजऱ्यात माणसाचं वजन होतं,
तळहात ओळखला जातो.
ओइवाच्या तळहाताला चारच बोटं,
पाचवं कागदाच्या मशीनने कधीच घेतलं,
आणि उरलेल्या चारांची नोंद कुठेच नाही.

डब्लिनला विचारलं. नाही म्हणाले.
त्यांचं चुकलं, असंही नाही.
मागच्या वसंतात कॉफीचा ट्रे घेऊन
एक हसरा माणूस सहज आत आला.
परीक्षा घ्यायला कंपनीनेच पाठवलेला.
त्याच्यासाठी दार धरून उभी होते
ती मीच.

मी बटण दाबलं नाही.
माईकमधून त्याचे शब्द वाऱ्याने फाटून येत होते,
दर तिसरा गायब.
मग तो सरकला,
सात नंबरच्या कॅमेऱ्याखाली, दिव्याच्या उजेडात,
आणि काठीने बर्फावर काढू लागला.
मोठा चौकोन: बाबांच्या मशीनचा चौथरा.
तिथून अकरा रेघा, म्हणजे पावलं.
एक गोल.

केबलींच्या जाळ्याखाली फळी होती. तिच्याखाली चाक.
फिरेना.
धावत पडद्यापाशी आले, तर तो स्वतःच फिरत होता,
हात पसरून, उलटा, डावीकडे,
फरच्या टोपीतला म्हातारा
रिकाम्या पटांगणात एकटाच गिरक्या घेत.

उलटा पीळ!

पाणी आलं तेव्हा नळ आधी खोकले,
मग सगळं दालन एकदम गप्प झाल्यासारखं वाटलं,
झालं नव्हतं. पारा एकेका अंशाने
नाइलाजाने उतरल्यासारखा उतरला.
पडद्यावर ओइवा नव्हता.
ढकलगाडीच्या दोन रेघा तेवढ्या,
त्याही बुजत चाललेल्या.

अहवालात लिहिलं: बंद पडलेली सेवा, शून्य.
अभ्यागत, शून्य.
दोन्ही खरं आहे.

चित्रफीत नव्वद दिवसांनी आपोआप पुसली जाते.
एकोणनव्वदाव्या रात्री मी ती तीनदा पाहिली.
उतरवून घ्यायला बंदी आहे,
फोन दाराबाहेरच्या कपाटात ठेवावा लागतो.

घरी आले. माळ्यावर बाबांनी आणलेलं
शेवटच्या रिळाचं भेंडोळं होतं, कडांना पिवळं पडलेलं.
त्यातला हात-दीड हात फाडून घेतला
आणि पेन्सिलीला टोक केलं.